घरे पाडण्याआधी ती आतून टिपून ठेवावीत

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरांच्या अंतर्गत सजावटीची छायाचित्रे नेहमी येतात आणि मी ती लक्षपूर्वक पाहते, कारण घरे आतून टिपणे हाच माझा गेल्या 20 वर्षांचा व्यवसाय आहे. वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यासाठी इंदूर, देवास, उज्जैन या भागांतील काहीशे घरांची छायाचित्रे मी काढली आहेत. या पत्राचे कारण मात्र नवी घरे नाहीत. राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांतली बिऱ्हाडे, रामबाग आणि नारायणबागेतली दुमजली घरे, आणि ज्या बहुमजली इमारतींना आपण इंदूरकर सरसकट ‘मल्टी’ म्हणतो त्यांपैकी अगदी सुरुवातीच्या इमारतींतल्या सदनिका एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्या आतून कशा होत्या, याची नीट नोंद जवळजवळ कोणीच ठेवलेली नाही. घर रिकामे होण्याआधी त्याच्या आतली छायाचित्रे शिस्तीने काढून ठेवावीत आणि या कामाला आपल्या वृत्तपत्राने चालना द्यावी, ही विनंती करण्यासाठी मी हे लिहीत आहे.

या विनंतीमागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझे बालपण जुन्या इंदुरातील एका तीन मजली वाड्यात गेले. वाड्यात सात बिऱ्हाडे होती. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे माजघर, त्यामागची अंधारी खोली, स्वयंपाकघर आणि चौकावर उघडणारी चिंचोळी गॅलरी एवढी जागा होती. तो वाडा पाडून आता बरीच वर्षे झाली. घरातल्या सगळ्या आल्बममधून मी त्या जागेची छायाचित्रे वेगळी काढली, तेव्हा ती 61 भरली. मुंज, बारसे, डोहाळजेवण, मंगळागौर असे सगळे प्रसंग त्यांत आहेत; घर मात्र माणसांच्या खांद्यांमागे जेवढे मावले तेवढेच आहे. दाराच्या चौकटीवरची कोरलेली पट्टी एका छायाचित्रात अर्धी दिसते, उरलेली अर्धी माझ्या मामांच्या फेट्यामागे गेली आहे. देवघराचा कोनाडा डावीकडे होता की मधोमध, यावर माझ्या आईचे आणि काकांचे आजही एकमत होत नाही. वाडा पाडला त्या वर्षी माझ्या हातात कॅमेरा होता, परंतु रोलमधली 36 छायाचित्रे मोजून वापरायची सवय होती आणि रिकाम्या भिंतीवर एक फ्रेम खर्च करावी असे मला सुचले नाही. त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

आतली छायाचित्रे किती मोलाची ठरतात याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच शहरात आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून 1930 ते 1933 या काळात माणिकबाग ही महालाची इमारत बांधवून घेतली. त्या काळातल्या युरोपातही दुर्मीळ असलेले नव्या वळणाचे फर्निचर, दिवे आणि गालिचे तिच्या खोल्यांत होते. पुढे हे सामान 1980 मध्ये मोनाको येथे लिलावात विकले गेले आणि जगभरातल्या संग्राहकांकडे विखुरले. इमारत सरकारी कार्यालय झाली. आज माणिकबागेच्या खोल्यांविषयी जे काही लिहिले जाते, 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या संग्रहाचे जे मोठे प्रदर्शन झाले, त्या सगळ्याला मोठा आधार आहे तो त्या काळी खोल्यांतून काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रांचा. खुर्ची कोणत्या भिंतीला होती, दिव्याची उंची किती होती, गालिचा पलंगाखाली किती आत गेला होता, हे केवळ त्यांच्यामुळे कळते. महाराजांच्या महालाचे भाग्य सामान्य बिऱ्हाडाला कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल. पण त्या काळी आतली छायाचित्रे काढायला मोठा कॅमेरा, काचेची किंवा फिल्मची प्लेट आणि माहीतगार माणूस लागत असे, आणि आज निम्मे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. अडते ते पाहण्याच्या सवयीवर.

या सवयीची परंपरा इंदूरला नवी नाही. लाला दीनदयाळ 1866 मध्ये रुरकीहून शिक्षण घेऊन येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर आले, आणि 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. मध्य भारतातल्या वास्तूंची त्यांची छायाचित्रे पाहताना मला नेहमी वाटते की खांब सरळ, कड सरळ, इमारतीचे प्रमाण बिघडलेले नाही, हा त्यांच्यातला नकाशाकार बोलतो आहे. वास्तूचे छायाचित्र काढणाऱ्याला चित्रकाराच्या नजरेइतकीच मोजणाऱ्याची नजर लागते. आमच्या व्यवसायात आज हीच नजर कमी होत चालली आहे.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. सदनिका विकण्यासाठी काढलेल्या छायाचित्रांनी घर पाहण्याची आपली नजर बिघडवली आहे. अतिरुंद लेन्स लावून कोपऱ्यातून छायाचित्र घेतले की 10 फुटांची खोली 16 फुटांची भासते, जवळचा सोफा ताणला जातो आणि समोरची खिडकी दूर पळते. खोलीतले सर्व दिवे लावून, नंतर संगणकावर प्रत्येक कोपरा उजळून, सावली नावाला शिल्लक ठेवली जात नाही. मी स्वतः ही कामे केली आहेत. ग्राहकाला ती तशीच हवी असतात. विक्रीपुरते ते ठीक असेल, पण याच सवयीने वाड्यातले माजघर टिपले तर ते माजघर राहत नाही. जाड भिंती, लहान खिडक्या आणि मागची अंधारी खोली ही माळव्याच्या उन्हाळ्यात घर गार ठेवण्यासाठी केलेली योजना होती. तिथला अंधार हा त्या वास्तूचाच भाग आहे आणि छायाचित्रात तो अंधार म्हणूनच दिसला पाहिजे, एवढा की कोनाड्यातल्या समईचा उजेड कोठवर पोचतो हे पाहणाऱ्याला समजावे.

ज्यांना स्वतःचे घर टिपायचे असेल त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी सविस्तर लिहिते. मोबाइलवर 0.5 असे लिहिलेली रुंद लेन्स शक्यतो वापरू नये. 1 वर ठेवून पाठ भिंतीला टेकवावी, आणि खोली एका छायाचित्रात मावली नाही तर दोन काढावीत. फोन वर किंवा खाली झुकवला की भिंतींच्या उभ्या रेषा तिरक्या होतात, म्हणून पडद्यावरची जाळी चालू करून दाराची चौकट तिच्याशी जुळवावी. समोरच्या भिंतीला अगदी काटकोनात उभे राहून घेतलेले छायाचित्र दिसायला साधे असते, पण त्यावरून पुढे प्रमाण काढता येते. कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर किंवा डब्यावर ठेवून, टायमर लावून छायाचित्र घ्यावे. अंधाऱ्या खोलीत हाताच्या थरथरीने जे बिघडते ते नंतर सुधारत नाही. बल्बचा उजेड पिवळा आणि खिडकीचा निळसर असतो. आपला डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून आधी दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात आणि नंतर रात्री फक्त दिव्यांवर, अशी दोन वेगळी छायाचित्रे काढावीत. एका छायाचित्रात भिंतीलगत मोजपट्टी आणि पांढरा कागद ठेवावा. पट्टीवरून माप कळते, कागदावरून भिंतीचा खरा रंग; माणिकबागेच्या कृष्णधवल छायाचित्रांना नेमकी हीच गोष्ट सांगता येत नाही.

कॅमेऱ्याच्या उंचीविषयी मात्र पुस्तकी नियम आपल्या घरांना लागू पडत नाही असे माझे मत झाले आहे. व्यावसायिक छायाचित्रकार कॅमेरा साधारणपणे 4 फुटांवर ठेवतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे खुर्च्या-टेबलांची खोली असते. आपल्या जुन्या घरांत पंगत पाटावर बसे, भाजी विळीवर चिरली जाई, हिशेब बैठकीवर लिहिले जात. कोनाडे, खिडक्यांचे उंबरे, भिंतीतली फडताळे ही बसलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर केलेली असत. अशी खोली 4 फुटांवरून टिपली की ती उगाच बसकी आणि कोंदट दिसते. तीच अडीच फुटांवरून पाहिली की खिडकीतून चौक दिसू लागतो, तुळया उंच जातात आणि खोली कशासाठी तशी बांधली होती ते लगेच कळते. म्हणून प्रत्येक खोलीचे एक छायाचित्र पाटावर बसून काढावे. शिवाय एकदा फोन जमिनीवर पालथा ठेवून आढ्याचेही घ्यावे. आपल्याकडे जागेचे माप खणांत सांगत, आणि दोन तुळयांमधले खण मोजायचे तर वर पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

उजेडाच्या वेळेविषयी मला एका काकूंनी शिकवले ते येथे सांगितले पाहिजे. एका जुन्या मल्टीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात आणि इमारत पुनर्विकासाला जायची आहे. डिसेंबरमधल्या एका सकाळी मी दहा वाजता तेथे पोचले आणि सामान मांडू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आत्ता काय काढतेस, साडेबारा वाजू देत. हल्ली ऊन देव्हाऱ्याच्या पायरीला लागतं.” मी थांबले. साडेबाराच्या सुमारास दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा नक्षीदार फरशीवरून सरकत खरोखरच देव्हाऱ्याच्या पायरीशी आला. चैत्रात हेच ऊन खिडकीखालच्या दोन-तीन फरश्यांवर थांबते आणि जेठात घरात येतच नाही, हे त्यांनी पंचांग न पाहता सांगितले. नंतर मी हिशेब केला. इंदूरचा माध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होतो. आणि डिसेंबरच्या अखेरीस त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे 44 अंशांवर असतो, त्यामुळे छज्जा फार पुढे आलेला नसेल तर खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, जवळजवळ तितके ऊन खोलीत शिरते. उलट कर्कवृत्त आपल्या थोडे उत्तरेला असल्याने जूनच्या पूर्वार्धात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावर येतो, आणि त्या सुमाराच्या आठवड्यांतच वाड्याच्या अरुंद चौकाच्या तळाला, तुळशीवृंदावनाच्या पायथ्यापर्यंत, सरळ ऊन पोचते. घराची छायाचित्रे एका दिवसात उरकता येत नाहीत, ती याच कारणाने. निदान एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात जावे लागते.

त्याच काकू छायाचित्रांसाठी स्वयंपाकघरातला पसारा आवरू लागल्या होत्या. मी त्यांना हात जोडून थांबवले. कपाटावरचा बरण्यांचा क्रम, खुंटीला लावलेली पिशवी, दाराआड टेकवलेला पाट, मोरीच्या कठड्यावर उपडी घातलेली भांडी यांतूनच ती जागा कशी वापरली जाई हे पुढच्या माणसाला कळणार आहे. आणि ज्या जागा कोणी टिपत नाही त्याच आधी टिपाव्यात असे मी म्हणेन: जिन्याची झिजलेली पायरी, मोझॅकच्या जिन्याचा वळणदार कठडा, हवेसाठी सोडलेली सिमेंटची जाळी, दोन सदनिकांमधला मधला पॅसेज, न्हाणीघर, माळा, दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या. बैठकीच्या खोलीची छायाचित्रे निदान पाहुण्यांच्या निमित्ताने तरी निघालेली असतात.

बाहेरच्या देशांत हे काम किती आधी सुरू झाले हेही नोंदवते. यूजीन अत्जे या छायाचित्रकाराने 1910 च्या सुमारास पॅरिसमधल्या राहत्या घरांच्या आतल्या सुमारे 60 छायाचित्रांचा संच केला. त्यांत सुखवस्तू लोकांची घरे आहेत तशी कामगारांची बिऱ्हाडेही आहेत, आणि खोल्यांत माणसे नसूनही कोण कसे राहत होते ते समजते. अमेरिकेत 1933 मध्ये, मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावे म्हणून, जुन्या इमारतींच्या नोंदीची सरकारी योजना निघाली. मोजून काढलेले नकाशे, मोठ्या निगेटिव्हवरची छायाचित्रे आणि लिखित इतिहास अशी तिन्ही अंगे तिने सुरुवातीपासून एकत्र ठेवली, आणि तो संग्रह आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात कोणालाही पाहता येतो. आपल्या शेजारी वडोदऱ्यात चित्रकार ज्योती भट्ट यांनी गुजरात-राजस्थानातल्या खेड्यांमधली भित्तिचित्रे आणि रांगोळ्या 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षानुवर्षे टिपल्या. त्या भिंती पुढे पुन्हा सारवल्या गेल्या, छायाचित्रे राहिली.

इंदुरात एक वसाहत अशी आहे जिथे एकदा छायाचित्रे काढून काम संपत नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अल्प उत्पन्न गटासाठी आखलेल्या अरण्य वसाहतीत सुमारे 6,500 घरांची योजना होती आणि 80 घरे नमुन्यादाखल बांधून दिली होती. बाकीच्यांनी शौचालय-न्हाणीसारख्या किमान सोयींच्या तयार गाभ्याभोवती आपापल्या ऐपतीने आणि गरजेने घर वाढवत न्यावे, ही त्या आराखड्याची मूळ कल्पना. तिला 1995 मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. अशी घरे पाच-पाच वर्षांनी त्याच जागेवर उभे राहून, त्याच उंचीवरून पुन्हा टिपली पाहिजेत, म्हणजे गॅलरी कधी खोलीत घेतली, जिना आतून बाहेर कधी गेला, दुकान कोठे निघाले, याची मालिका तयार होईल. आमच्या शहरात वास्तुकला शिकणारे इतके विद्यार्थी असताना हे काम त्यांच्या अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकात सहज बसेल.

दुसऱ्याच्या घरात शिरताना काही मर्यादा पाळाव्याच लागतात. तिजोरी, कुलपे, औषधे, कागदपत्रे आणि घराचा नेमका पत्ता छायाचित्रात येऊ देऊ नये. छायाचित्रे कोठे ठेवली जातील आणि कोण पाहील हे घरातल्या थोरल्या माणसाला आधी सांगून लेखी संमती घ्यावी, आणि भाडेकरू राहत असेल तर मालकाच्या बरोबरीने त्याचीही घ्यावी. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे काढवून घेणाऱ्याचा असतो. पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊक नसते. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, खोलीचे घरातले नाव आणि कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते एवढे लिहून ठेवावे. मूळ फाइल तिचा आकार कमी न करता तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपावी आणि महत्त्वाच्या दहा-बारा छायाचित्रांचे चांगल्या कागदावर छापील प्रती काढाव्यात. मोबाइल बदलताना हरवलेली छायाचित्रे मी इतक्या घरांतून ऐकली आहेत की यावर अधिक लिहीत नाही.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत सादर केला. आधी पाहणी आणि मग आराखडा, तसेच दाट वस्तीत सरसकट पाडापाडी न करता मोजकीच घरे काढून मोकळी जागा निर्माण करावी, हा त्यांचा आग्रह होता. रस्तारुंदीकरणात ज्या घरांचे दर्शनी भाग कापले गेले त्यांच्या बाबतीत हा क्रम पाळला गेला नाही, आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्यावर रस्त्यावरून काढलेली छायाचित्रे ही त्यांची पहिली आणि शेवटची छायाचित्रे ठरली. अर्धी भिंत गेलेल्या खोलीत देवाचा कोनाडा तसाच राहिलेला मी पाहिला आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपण आठवड्यातून एक चौकोन ‘पाडण्याआधी’ अशा कोणत्याही नावाने या कामाला द्यावा, ज्यात वाचकांनी आपल्या घरातल्या एका खोलीचे छायाचित्र, तिचे माप आणि तिथे काय चाले याची दहा ओळींची हकीकत पाठवावी. शहरातील मराठी संस्थांनी मूळ छायाचित्रे सांभाळण्यासाठी आपल्या ग्रंथालयात एक कपाट आणि एक संगणक राखून ठेवावा. बांधकाम व्यावसायिकांनी पुनर्विकासाच्या करारात इमारत रिकामी करण्याआधी आतली छायाचित्रे काढण्यासाठी दोन दिवसांची मुदत लिहून द्यावी. एवढ्याने त्यांचे काम अडत नाही. रविवारी सकाळी कोणाला शिकायचे असेल तर मी विनामूल्य शिकवीन, माझ्याकडे दोन जादा ट्रायपॉड आहेत. वर उल्लेखिलेल्या मल्टीत पाच बिऱ्हाडे अजून राहत आहेत आणि ती दिवाळीनंतर हलणार आहेत. काकूंच्या घराची उन्हाळ्यातली छायाचित्रे मी जूनमध्ये काढून घेतली. बाकीच्या चार घरांत अजून कोणीच गेलेले नाही.

आपली,
एक वाचक
नारायणबाग, इंदूर